वाचकांचे प्रश्न : कॅथलिक महिला संघटना, त्यांचे अधिकार आणि त्यांचे काम

कॅथलिक पंथातील प्रापंचिक, म्हणजे संन्यस्त व्रत न घेतलेल्या, स्त्रियांच्या संघटनांविषयी आलेल्या पत्रांतून काही प्रश्न या वेळी निवडले आहेत. पत्रलेखकांची नावे व गावे वगळली आहेत आणि एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मी ख्रिस्ती नाही. कॅथलिकांचे सेवाकार्य म्हटले की धर्मभगिनींच्या शाळा आणि रुग्णालये डोळ्यांसमोर येतात. संसारी स्त्रियांच्या वेगळ्या संघटना असतात का? असल्यास प्रार्थनेपलीकडे त्या काय करतात?

उत्तर : आपला समज स्वाभाविक आहे, कारण धर्मभगिनींचे काम इमारतींच्या रूपाने दिसते आणि प्रापंचिक स्त्रियांचे काम बहुधा कोणाच्या तरी घराच्या चार भिंतींआड होते. इतिहासाचा क्रम मात्र निदान एका ठळक बाबतीत उलटा आहे. १६१७ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधील शातियाँ या लहान गावी विन्सेंट द पॉल हे धर्मगुरू मिस्सा या उपासनेची तयारी करत असताना त्यांना निरोप मिळाला की, गावाबाहेरच्या एका घरात सगळेच आजारी असून त्यांच्याकडे पाहायला कोणीही उरलेले नाही. त्यांनी ही हकिकत प्रवचनात सांगितली. दुपारी ते स्वतः त्या घराकडे निघाले, तेव्हा अन्न घेऊन जाणाऱ्या आणि परतणाऱ्या स्त्रियांची रस्त्यावर रीघ लागली होती. त्या घरात आज गरजेपेक्षा जास्त अन्न आहे, त्यातले बरेचसे नासणार आहे आणि दोन दिवसांनी पुन्हा उपासमार ठरलेली आहे, हे विन्सेंट यांनी ओळखले. काही दिवसांतच त्यांनी त्या स्त्रियांचे मंडळ बांधले आणि वर्ष संपण्यापूर्वी त्याची नियमावली मंजूर करून घेतली.

ती नियमावली आजही वाचण्याजोगी आहे. पदाधिकारी स्त्रियांनी आपल्यातूनच निवडायच्या, जमाखर्च लिहून ठेवायचा, रुग्णसेवेच्या पाळ्या लावायच्या, असे तिचे व्यावहारिक रूप आहे. रुग्णांकडे जाताना ज्याच्याजवळ घरचे माणूस आहे त्याच्यापासून सुरुवात करावी आणि ज्याचे कोणीच नाही त्याच्याकडे सर्वांत शेवटी जावे, म्हणजे त्याच्याजवळ अधिक वेळ थांबता येईल, असेही तीत सांगितले आहे. हा नियम लिहिणाऱ्याने रुग्णांच्या उशाशी पुष्कळ वेळ काढलेला असणार. त्याच नियमावलीत विवाहित स्त्रीला पतीच्या आणि अविवाहितेला आईवडिलांच्या संमतीवाचून प्रवेश नव्हता, हेही नोंदवले पाहिजे.

पुढे ही मंडळे पॅरिसमध्ये गेली तेव्हा वेगळीच अडचण आली. उच्चकुलीन सदस्या पैसा देत, पण आजाऱ्याच्या घरी स्वतः जाण्याऐवजी दासींना पाठवत. मग खेड्यांतील मुली हे काम अंगावर घेण्यासाठी पुढे आल्या आणि लुईझ द मारियाक यांच्या नेतृत्वाखाली १६३३ मध्ये त्यांचा स्वतंत्र समुदाय झाला. जगभर रुग्णालये चालवणाऱ्या त्या प्रसिद्ध धर्मभगिनींचा उगम असा संसारी स्त्रियांच्या मंडळात, आणि त्या मंडळाच्या उणिवेतही, आहे. मूळ मंडळांची परंपरा आजही अनेक देशांत प्रापंचिक स्त्रियाच चालवतात.

आज अशा संघटना पुष्कळ प्रकारच्या आहेत. काही एका धर्मग्रामापुरत्या, म्हणजे एका चर्चच्या परिसरापुरत्या, आहेत, काही राष्ट्रीय आहेत, आणि १९१० साली ब्रसेल्समध्ये स्थापन झालेल्या जागतिक महासंघात निरनिराळ्या देशांतील सुमारे शंभर संघटना आहेत. आजाऱ्यांच्या व एकाकी वृद्धांच्या भेटी, मृत्यू झालेल्या घरी आठवडाभर लागणारी मदत, लग्न ठरलेल्या तरुणांसाठी मार्गदर्शन, निर्वासित कुटुंबांना कागदपत्रांसाठी साहाय्य, मुलींच्या शिक्षणासाठी निधी, ही त्यांची नेहमीची कामे होत. प्रार्थना असतेच. पण केवळ प्रार्थनेसाठी जमणारे मंडळ आणि अशी संघटना यांतला फरक बैठकीच्या इतिवृत्तात दिसतो, कारण दुसऱ्या ठिकाणी मागच्या महिन्यात कोणी काय पत्करले होते आणि त्याचे काय झाले, हा प्रश्न विचारला जातो.

प्रश्न : मी आमच्या धर्मग्रामातील महिला संघटनेची सचिव आहे. गरीब रुग्णांसाठी आम्ही जमवलेला निधी आम्हाला न विचारता सभागृहाच्या दुरुस्तीसाठी वापरण्यात आला. अध्यक्षाही प्रत्यक्षात धर्मगुरूच ठरवतात. आमच्याकडे वेदीची सजावट आणि पाहुण्यांची सरबराई एवढेच उरते. ख्रिस्तसभेच्या कायद्यात आम्हाला काही अधिकार आहेत, की आज्ञापालन एवढेच आमचे काम आहे?

उत्तर : अधिकार आहेत, आणि ते बहुतेक सदस्यांना वाटतात त्यापेक्षा अधिक स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहेत. ख्रिस्तसभेच्या कायद्यांच्या १९८३ च्या विधिसंहितेतील कलम २१५ प्रमाणे धर्मकार्य व सेवाकार्य यांसाठी संघटना स्थापन करण्याचा आणि त्या चालवण्याचा अधिकार सर्व श्रद्धावंतांना आहे. कलम २९८ ते ३२९ मध्ये या संघटनांचेच नियम आहेत. पहिली गोष्ट आपण अशी तपासावी की, आपली संघटना सार्वजनिक आहे की खासगी. हा भेद कायद्याचा आहे. सार्वजनिक संघटना धर्माधिकारी स्थापन करतात आणि ती ख्रिस्तसभेच्या नावाने काम करते, तर खासगी संघटना सदस्यांनी आपसांतील कराराने उभी केलेली असते व धर्माधिकारी तिच्या नियमावलीची तपासणी करतात. आपल्या संघटनेवर देखरेख किती व कोणाची, हे पुष्कळसे यावरून ठरते.

अध्यक्षपदाच्या बाबतीत कलम ३१७ पाहावे. सार्वजनिक संघटनेतही, नियमावलीत वेगळी तरतूद नसेल तर, संघटनेने निवडलेल्या अध्यक्षेस मान्यता देणे, शिफारस झालेल्या व्यक्तीला पदावर बसवणे किंवा स्वतः नेमणूक करणे हा अधिकार सक्षम धर्माधिकाऱ्याचा आहे, आणि धर्मप्रांतातील, म्हणजे एका बिशपांच्या अखत्यारीतील क्षेत्रातील, संघटनेपुरते हे धर्माधिकारी म्हणजे बिशप होत. धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू केवळ त्या पदावर आहेत म्हणून हा अधिकार त्यांच्याकडे येत नाही. त्याच कलमात असेही म्हटले आहे की, धर्मगुरूंच्या नसलेल्या संघटनेत प्रापंचिक व्यक्ती अध्यक्ष होऊ शकते, आणि नियमावलीने तशी तरतूद केली नसेल तर आध्यात्मिक सल्लागाराने अध्यक्षपद घेऊ नये. संघटना खासगी असेल तर सल्लागार कोण असावा हेही, धर्मप्रांतात कार्यरत असलेल्या धर्मगुरूंमधून, सदस्यांनी निवडायचे असते. त्याला स्थानिक धर्माधिकाऱ्याची मान्यता लागते (कलम ३२४). सल्लागाराचा मान मोठा आहे, परंतु सल्ला देणे आणि कारभार करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि ती एकाच हाती गेली की सदस्यांना बैठकीला येण्याचे कारणच उरत नाही.

आता पैशाकडे वळू. आपल्या पत्रातील सर्वांत गंभीर बाब हीच आहे. कलम १२६७ नुसार विशिष्ट हेतूने दिलेले दान त्याच हेतूसाठी वापरता येते. रुग्णांसाठी म्हणून मागितलेला पैसा सभागृहावर खर्च करणे, मग छत खरोखर गळत असले तरी, या नियमाला धरून नाही. सार्वजनिक संघटनेने वर्षातून एकदा धर्माधिकाऱ्यांना हिशोब द्यायचा असतो आणि मिळालेल्या दानाच्या विनियोगाचा प्रामाणिक तपशीलही द्यायचा असतो (कलम ३१९). खासगी संघटना आपल्या मालमत्तेचा कारभार स्वतः पाहते. ती आपल्या उद्देशासाठीच वापरली जात आहे ना, एवढ्यावर धर्माधिकाऱ्यांची नजर असते (कलम ३२५). या सर्व कलमांत ‘नियमावलीप्रमाणे’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. म्हणून नियमावली नसलेली, किंवा ती कपाटात असून कोणीही न वाचलेली संघटना हक्काच्या प्रश्नात नेहमीच दुबळी ठरते. उद्देश, मुख्य ठिकाण, कारभाराची पद्धत आणि सदस्यत्वाच्या अटी नियमावलीत असल्याच पाहिजेत, असे कलम ३०४ सांगते.

प्रत्यक्षात काय करावे? तक्रारीपासून सुरुवात करू नये, असे माझे मत आहे. पुढील बैठकीत नियमावली मोठ्याने वाचावी; नसेल तर ती तयार करण्याचा ठराव करावा. निधी जमवताना पावतीवरच हेतू छापावा. बँकेतील व्यवहार दोन पदाधिकाऱ्यांच्या सहीने व्हावेत आणि तिमाही जमाखर्च सूचनाफलकावर लावावा. रुग्णनिधीची रक्कम परत मिळावी अशी लेखी, सौम्य विनंती प्रमुख धर्मगुरूंना करावी व तिची प्रत धर्मग्रामाच्या अर्थसमितीला द्यावी, कारण अशी समिती प्रत्येक धर्मग्रामात असलीच पाहिजे (कलम ५३७). उत्तर आले नाही तर धर्मप्रांताकडे जाण्याचा मार्ग मोकळाच आहे. काही सदस्यांना हे उद्धटपणाचे वाटेल. पण शातियाँच्या स्त्रियांनी हिशोब ठेवला तो विन्सेंट यांच्याच सांगण्यावरून.

सजावट आणि सरबराई यांना मी कमी लेखत नाही. मात्र ज्या संघटनेची वर्षभराची सगळी कामे दुसऱ्या कोणीतरी ठरवलेल्या कार्यक्रमांच्या तयारीची असतात, तिला संघटना म्हणणे अवघड आहे.

प्रश्न : महिला संघटनांनी सेवाकार्यापुरते राहावे, कायदा, मतदान, सरकारी धोरण यांत पडू नये, असे आमच्याकडील वडीलधारे सांगतात. पूर्वी असे नव्हते म्हणतात. हे खरे का?

उत्तर : ‘पूर्वी’ म्हणजे नेमके केव्हा, हे त्यांना विचारून पाहावे. १९०१-०२ मध्ये फ्रान्समध्ये कॅथलिक स्त्रियांच्या दोन मोठ्या संघटना उभ्या राहिल्या, त्या सरकारच्या धर्मसंस्थाविरोधी कायद्यांना तोंड देण्यासाठीच. त्या देशात स्त्रियांना मताचा अधिकार १९४४ पर्यंत नव्हता. तरीही या स्त्रिया निवडणुकांसाठी निधी गोळा करत होत्या. त्यांची भूमिका आज आपल्याला पटेल किंवा पटणार नाही, पण त्या सार्वजनिक प्रश्नांपासून दूर होत्या असे कोणी म्हणू शकणार नाही.

जर्मनीत १९०३ साली कोलोन येथे कॅथलिक महिलांचा संघ स्थापन झाला. पुढच्याच वर्षी म्युनिकमध्ये त्याची शाखा काढणाऱ्या एलेन आमान यांनी त्याआधी, १८९७ मध्ये, तेथील रेल्वे स्थानकावर कामाच्या शोधात शहरात येणाऱ्या एकट्या मुलींसाठी मदतकेंद्र सुरू केले होते. फलाटावर उतरणारी मुलगी दलालांच्या हाती लागू नये, हा त्यामागचा हेतू. हे सेवाकार्य झाले. परंतु रोज नव्या मुली येत राहिल्या, की त्या का येतात आणि त्यांना कोणते कायदे संरक्षण देतात, हा प्रश्न टाळता येत नाही. आमान १९१९ मध्ये बव्हेरियाच्या विधिमंडळात निवडून गेल्या आणि १९२३ मध्ये हिटलरने म्युनिकमध्ये सत्ता बळकावण्याचा प्रयत्न केला तेव्हा सरकारमधील मंत्र्यांना एकत्र आणून तो हाणून पाडण्यात त्यांचा वाटा होता. लंडनमध्ये १९११ साली कॅथलिक स्त्रियांनी मताधिकारासाठी संस्था काढली. तिच्यातून वाढलेली सेंट जोन आघाडी पुढे मुलींच्या जननांगांच्या विच्छेदनाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर मांडणाऱ्या सुरुवातीच्या संघटनांपैकी एक ठरली.

मला सर्वांत अनुकरणीय वाटते ती कॅनडातील कॅथलिक महिला लीगची पद्धत. ही लीग राष्ट्रीय पातळीवर १९२० मध्ये स्थापन झाली. तिच्यात एखाद्या धर्मग्रामातील सदस्या अभ्यास करून ठराव मांडतात. तो धर्मप्रांत, प्रांत आणि राष्ट्र या पातळ्यांवर चर्चेला येतो, आणि संमत झाल्यास लीगच्या पदाधिकारी तो सरकारपुढे मांडतात. एका गावातील बैठकीत उपस्थित झालेला मुद्दा राजधानीपर्यंत जाण्याचा असा ठरलेला रस्ता असला, की बैठकीतील बोलण्यालाही वजन येते. पक्षाचा प्रचार करणे वेगळे आणि सार्वजनिक प्रश्नावर अभ्यासपूर्वक भूमिका घेणे वेगळे. पहिले संघटनेने टाळावे. दुसरे टाळले तर दरवर्षी त्याच कुटुंबांना तीच मदत देत राहावे लागते.

प्रश्न : कॅथलिक नसलेल्या स्त्रिया या कामात सहभागी होऊ शकतात का? मदतीसाठी धर्माची अट असते का?

उत्तर : मदतीला धर्माची अट नसते, आणि कोणी तशी घालत असेल तर ते चूक आहे. मतदानाचा हक्क असलेले सदस्यत्व व पदे साधारणपणे कॅथलिक स्त्रियांसाठी असतात. कामात सहकारी म्हणून कोणीही येऊ शकते. जर्मनीतील रेल्वे स्थानकांवरील मदतकेंद्रांत प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक स्त्रिया दीर्घकाळ एकत्र काम करत आल्या आहेत.

प्रश्न : आमच्या संघटनेतील एका भगिनीने पतीकडून मारहाण होते असे विश्वासाने सांगितले. काही ज्येष्ठ सदस्या म्हणतात की विवाह हा संस्कार आहे, त्यामुळे दोघांना एकत्र बसवून समेट घडवावा आणि प्रार्थना करावी. आम्ही काय करावे?

उत्तर : कृपा करून दोघांना एकत्र बसवू नये. पतीसमोर बोललेल्या प्रत्येक वाक्याची किंमत तिला घरी गेल्यावर मोजावी लागू शकते. अशा बैठकीत ती खरे बोलणार नाही, आणि ती गप्प राहिली म्हणजे सर्व ठीक आहे असा अर्थ काढला जाईल.

संस्काराचा दाखला देणाऱ्या सदस्यांनी कलम ११५३ वाचावे. जोडीदारामुळे दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या शरीराला वा मनाला गंभीर धोका असेल, तर विभक्त राहण्यास ते योग्य कारण मानते, आणि विलंब धोक्याचा असेल तर धर्माधिकाऱ्यांच्या आदेशाची वाट न पाहता स्वतःच्या निर्णयाने वेगळे होण्याचीही मुभा देते. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये कुटुंबविषयक पत्रात हाच मुद्दा पुढे नेला आहे. हिंसाचारापासून दुर्बल जोडीदाराला किंवा लहान मुलांना दूर करायचे असते तेव्हा विभक्त होणे काही वेळा नैतिकदृष्ट्या आवश्यकच ठरते, असा त्या लेखनाचा आशय आहे. म्हणजे तिला घर सोडावे लागले तर ती संस्काराचा अपमान करत नाही.

संघटनेने काय करावे, हे तिच्या इच्छेने ठरवावे. तिने ज्यांच्यावर विश्वास टाकला त्या एक-दोघींनीच तिच्याशी बोलावे आणि हा विषय बैठकीत, इतिवृत्तात किंवा मोबाइलवरील गटात आणू नये. प्रार्थनेच्या विनंतीतही नको, कारण नाव न घेताही सगळ्यांना कळते. आजची रात्र सुरक्षित आहे का, हे आधी विचारावे. जाण्यासाठी जागा, महत्त्वाची कागदपत्रे, थोडे पैसे आणि वेळी-अवेळी फोन उचलणारी व्यक्ती यांची व्यवस्था करावी. वैद्यकीय तपासणी व कायदेशीर सल्ला प्रशिक्षित लोकांकडूनच मिळाला पाहिजे. आपण तिच्यासोबत जावे. एक मर्यादाही ध्यानात ठेवावी: पापनिवेदनाची गुप्तता धर्मगुरूंना बांधते, आपल्या संभाषणाला ती लागू नाही. मुलांना इजा होत असेल तर ‘विश्वासाने सांगितले’ म्हणून गप्प राहणे बरोबर नाही, आणि देशाचा कायदा कळवण्यास सांगत असेल तर कळवलेच पाहिजे.

ती काही दिवसांनी परत पतीकडे गेली तर रागावू नये. असे पुष्कळदा होते. तिच्यासाठी दार बंद झालेले नाही, एवढे तिला माहीत असावे.

प्रश्न : मी तिशीतली, नोकरी करणारी स्त्री आहे. आता स्त्रिया धर्मग्राम परिषदेत आहेत, उपासनेत बायबलची वाचनसेवा करतात. मग स्वतंत्र महिला संघटनेची गरज काय? आमच्या वयाच्या कोणी तिथे फिरकतही नाहीत.

उत्तर : आपल्या प्रश्नाचा पहिला भाग वाटतो तितका जुना झालेला नाही. जगभरातील बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत (१९६२-६५) १९६४ पर्यंत एकही स्त्री नव्हती. त्या वर्षीच्या तिसऱ्या सत्रापासून श्रोत्या म्हणून स्त्रिया आल्या आणि अखेरीस त्यांची संख्या २३ झाली. जागतिक महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षा, स्पेनच्या पिलार बेल्योसियो, त्यांत होत्या. सभागृहात बोलण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही, पुरुष श्रोत्यांना मात्र मिळाली. ऑस्ट्रेलियाच्या रोझमेरी गोल्डी १९६७ मध्ये व्हॅटिकनच्या प्रापंचिकविषयक परिषदेत उपसचिव झाल्या. वाचकसेवा आणि वेदीसेवा ही अधिकृत पदे स्त्रियांना २०२१ मध्ये खुली झाली, आणि २०२३ च्या बिशपांच्या धर्मसभेत (सिनॉडमध्ये) स्त्रियांना प्रथमच मताचा हक्क मिळाला. ३६५ मतदारांत त्या ५४ होत्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत पोहोचलेल्या प्रापंचिक स्त्रियांपैकी बऱ्याच जणी महिला संघटनांच्या आणि प्रापंचिकांच्या चळवळींच्या कामातून घडलेल्या होत्या. सभा चालवणे, मसुदा लिहिणे, विरोध ऐकून घेणे या गोष्टी त्यांनी आधी आपल्या बैठकांतून केल्या होत्या. धर्मग्राम परिषदेत एखाददुसरी स्त्री असणे आणि तिच्यामागे तिला माहिती व पाठबळ देणारी संघटना असणे यांत पुष्कळ अंतर आहे.

दुसऱ्या भागाबाबत मी आपल्याशी सहमत आहे. कामाच्या दिवशी दुपारी तीन वाजता बैठक ठेवणारी संघटना नोकरदार स्त्रियांना बोलावते असे म्हणता येत नाही, मग निमंत्रणपत्रिका कितीही सुंदर असो. पंधरा वर्षे एकच अध्यक्षा असेल तर नव्या सदस्येला आपली जागा कोठे आहे हे कळत नाही. पदांना मुदत हवी. बैठक संध्याकाळी हवी, तीही तासाभराची आणि ठरलेल्या विषयांची. जोडीला मुलांकडे पाहणारे कोणीतरी हवे, आणि तो एखाद्या सदस्येचा पती असला तर उत्तमच. आयुष्यभराच्या सदस्यत्वाऐवजी तीन महिन्यांचे एक काम मागितले, तर होकार येण्याची शक्यता वाढते.

आपल्या वयाच्या चार-पाच जणींना घेऊन आपण एकच काम मागून घ्यावे. निर्वासितांची कागदपत्रे किंवा एकाकी वृद्धांच्या औषधांचे वेळापत्रक, काहीही चालेल. मात्र त्या कामाचा निधी व निर्णय आपल्या गटाकडे राहतील असा ठराव आधीच लिहून घ्यावा. ज्येष्ठ सदस्या पहिल्या महिन्यात नाके मुरडतील. कोणत्या घरात कोण आजारी आहे आणि कोणाच्या घरी किती वाजता गेलेले चालते, ही माहिती मात्र त्यांच्याकडेच आहे, तेव्हा त्यांच्यापैकी एकीला गटात घेतल्याशिवाय काम सुरू करू नये.